शेजाऱ्याने पाइपलाइन उखडली, उसाचं पाणी बंद

प्रश्न (वाळवा तालुका, जि. सांगली): आमच्या विहिरीची पाइपलाइन शेजाऱ्याच्या रानातून येते. १४ वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांनी तोंडी परवानगी दिली होती. ५ मे रोजी मुलाने जेसीबी लावून पाइप उखडली. उभा ऊस वाळतोय. काय करावं?

उत्तर: बंद पडलेलं पाणी सुरू करणं आणि कायमची वाट पक्की करणं, ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच अर्जात कोंबू नका.

पहिल्यासाठी मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा लावा. तुम्ही पाणी वापरत होता आणि समोरच्याने बेकायदा अडथळा आणला, एवढं इथे दाखवायचं असतं. मुदत अडथळ्यापासून सहा महिने, म्हणजे ५ नोव्हेंबरच्या आत दावा दाखल हवा. गावकीच्या बैठकांनी ही मुदत थांबत नाही. दाव्यात अडथळ्याची तारीख, गट नंबर, पाइपचा मार्ग आणि साक्षीदारांची नावं लिहा. विहिरीची नोंद असलेला सातबारा, मोटारीचं वीजबिल, पाइप खरेदीची पावती आणि चराचे फोटो जोडा. तलाठ्यांना आजच पंचनाम्यासाठी अर्ज द्या. चर बुजवून नांगर फिरला की पुरावा गेला.

पोलिसांत तक्रार जरूर द्या. शेतीचं पाणी तोडणारं नुकसान भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ मध्ये गुन्हा आहे. पण पोलिस पाइप जोडून देणार नाहीत, आणि तुम्ही जबरदस्तीने रानात शिरून जोडलीत तर उलटी फिर्याद होईल.

आता कायमच्या हक्काचं. ‘इतकी वर्षं वापरतोय’ यावर विसंबू नका. वहिवाटीच्या सुविधाधिकाराला, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीच्या दीर्घ वापरातून मिळणाऱ्या हक्काला, २० वर्षं लागतात, आणि परवानगीने केलेल्या वापरातून तो कधीच मिळत नाही. म्हणून कायमच्या वाटेसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४९ खाली तहसीलदारांकडे वेगळा अर्ज करा. शेजारी राजी नसला तरी चौकशी करून ते पाइप नेण्याचा आदेश देऊ शकतात. नुकसानभरपाई, ठरेल ते भाडं आणि दुरुस्ती तुमच्याकडे. पाइप किमान अर्धा मीटर खोल हवी. माझं सांगणं, तीन फूट खोल आणि बांधाकडेने मार्ग मागा, म्हणजे खोल नांगरटीत पुन्हा फुटणार नाही आणि शेजाऱ्याची हरकतही दुबळी पडेल.

पाण्यावर तुमचा हक्क असणं ही या कलमाची पहिली अट आहे. विहीर सामाईक असेल तर हिस्सेदारांची लेखी संमती अर्जासोबतच लावा.