एचआयव्हीचा रिपोर्ट गल्लीत कळेल का?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले समलिंगी तरुण मला हाच प्रश्न सर्वाधिक विचारतात. इथल्या मराठी माणसांची नातीगोती एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की तपासणी केंद्रातला शिपाईसुद्धा कुणाचा तरी मेहुणा निघतो, त्यामुळे ही भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही.

उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा तरुण (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) मंगळवारी दुपारी माझ्याकडे आला. रविवारी रात्री संबंधाच्या वेळी कंडोम फाटला होता, आणि पुढच्या रविवारी कोल्हापूरला, म्हणजे आपल्याला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी, जाऊन तपासून घ्यायचे असे त्याने ठरवले होते. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी पेप ही औषधे ७२ तासांच्या आत, शक्यतो काही तासांतच, सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात, हे त्याला ठाऊक नव्हते. मी त्याला लगेच डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी धोका तपासून, आधी रक्ताची चाचणी करून, त्याच संध्याकाळी गोळ्या सुरू केल्या.

“पण सर, चाचणीचा अर्ज कानडीत आहे, सही कशावर करतोय तेच कळत नाही,” तो म्हणाला. मी प्रत्येक ओळ मराठीत समजावून दिली आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने त्याच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, तसेच निकाल घरच्यांना किंवा मालकाला सांगता येत नाही, हेही सांगितले.

कंडोम फाटला कसा, हे विचारल्यावर तो बराच वेळ टेबलावरच्या काचेकडे पाहत राहिला. गावातले औषधाचे दुकान त्याच्या चुलतमामांचे असल्याने तिथे वंगण मागण्याची लाज वाटली, म्हणून त्याने घरातले खोबरेल तेल वापरले होते. तेलाने लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होते. पाण्यावर आधारित किंवा सिलिकॉनचे वंगण चालते. जोडीदार ओळखीचा, आपल्याच गावचा आणि धडधाकट दिसणारा असल्याने ‘त्याला काय असणार’ असेही त्याने गृहीत धरले होते. मात्र संसर्ग झालेला माणूस वर्षानुवर्षे निरोगी दिसू शकतो.

तीन महिन्यांनंतरची चाचणी निगेटिव्ह आली. त्यानंतर आम्ही प्रेपविषयी बोललो. संबंधांच्या आधीपासून, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्यायच्या या गोळ्यांनी एचआयव्हीचा धोका पुष्कळ घटतो, पण सिफिलिस किंवा गनोरिया रोखला जात नाही, आणि त्या सुरू करण्याआधी एचआयव्हीची व मूत्रपिंडाची तपासणी लागते. घरात सध्या त्याच्यासाठी मुली पाहणे सुरू आहे, तो विषय आम्ही पुढच्या भेटीसाठी ठेवला आहे. प्रेपचा निर्णयही त्याने अजून घेतलेला नाही.