झडपांतून पावसाचं पाणी आत येतं

प्रश्न : आमच्या न्हाणीघराला नैर्ऋत्येकडे अ‍ॅल्युमिनियमच्या पक्क्या लूव्हरची (न हलणाऱ्या तिरक्या आडव्या पट्ट्यांची) खिडकी आहे. जूनपासून वाऱ्याबरोबर पाणी आत येतं. पत्रा लावून खिडकी बंद केली, तर भिंतीला बुरशी धरते. काय करावं?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : पत्रा आधी काढा. मग खिडकीसमोर उभं राहून डोळ्यांच्या रेषेत पाहा. पट्ट्यांमधून पलीकडचा उजेड थेट दिसला, तर त्या एकमेकींवर पुरेशा चढलेल्या नाहीत. वरच्या पट्टीची खालची कड खालच्या पट्टीच्या वरच्या कडेपेक्षा निदान १० ते १५ मिलिमीटर खाली हवी. उतार बाहेरच्या बाजूला, साधारण ४५ अंशांचा. चौकट उलटी बसवल्याने पाणी आत ओघळतं, ही चूक आपण समजतो त्यापेक्षा जास्त वेळा होते!

एवढं करूनही सोसाट्याचा पाऊस थोडा आत येणारच. वर ४५० ते ६०० मिलिमीटरचा छज्जा घ्या, खिडकीच्या उंबऱ्याला बाहेर उतार द्या.

बुरशीचं म्हणाल, तर हवा खेळती हवी; पण ६०० बाय ६०० मिलिमीटरच्या चौकटीत हवेला मिळणारी मोकळी जागा बहुधा निम्म्याहूनही कमी असते. मच्छरजाळी ती आणखी घटवते, त्यात धूळ साचली की विचारूच नका. शिवाय समोरच्या भिंतीत किंवा दाराच्या वर हवा खेळायला दुसरी वाट हवी.

खारी हवा असेल तिथे लोखंडी स्क्रू नकोत. ते गंजतातच आणि त्यांच्या संपर्कात अ‍ॅल्युमिनियमही खाल्लं जातं. स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे, खाली नायलॉनचा वॉशर.