तिची प्रार्थना कापू नकोस

चि. लेखिकाबाईंना अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची नऊ प्रकरणं दोन रात्रींत वाचून काढली. १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून केडगावला, पंडिता रमाबाईंच्या ‘मुक्ती’ या ख्रिस्ती आश्रमात आलेली तुझी बालविधवा डोळ्यांसमोर उभी राहते. तिची भूक, बोडक्या डोक्यावरून सारखा घसरणारा पदर, सगळं जमलंय. पण सोबतच्या चिठ्ठीत विचारतेस, ही फार प्रार्थना करते, आजच्या वाचकाला जड जाईल, थोडी कापू का?

नाही. कापू नकोस.

आणखी विचारतेस, ‘मुक्ती’तल्या मुलींचा विश्वास खरा होता की भाकरीपुरता? अगं, हा प्रश्न पोट भरल्यावर सुचतो. पंडिता रमाबाईंनी स्वतःबद्दल लिहिलंय ते पुन्हा वाच. त्यांच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, होतं नव्हतं ते दानधर्मात घातलं. उपास, तीर्थस्नानं, पारायणं, काही बाकी ठेवलं नाही. मग घरातली सगळी रानातली पानं खाऊन राहिली. १८७४ च्या सुमारास काही महिन्यांत आधी वडील गेले, मग आई, मग बहीण. आईच्या तिरडीला चौथा खांदा मिळेना. सोळा वर्षांची रमा अंगानं ठेंगणी, खांदा पुरेना. म्हणून तिरडीचं ते टोक डोक्यावर घेऊन ती तीनेक मैल चालली. पुढे झेलमच्या काठी थंडीत पांघरायला नव्हतं, तर बहीणभाऊ वाळूत खड्डे खणून गळ्यापर्यंत वाळू ओढून झोपले.

या बाईच्या गोष्टीतून देव काढलास तर हातात दुष्काळाचा सरकारी अहवाल उरेल. देवानं तिला फसवलं असं तिला वाटलं, तरी तिनं त्याचा शोध सोडला नाही. तुला लिहायचंय ते हे. कापू नकोस.

मी कापलं होतं, म्हणून सांगते. माझ्या पहिल्या कादंबरीतली विधवा पहाटे जात्यावर बसून विठोबाशी कडाकडा भांडायची, थेट माझ्या आजीसारखी. प्रकाशक म्हणाले, नायिका बंडखोर हवी, भाविक नको. मी विठोबा काढला. पुस्तकाला पुरस्कार मिळाला, ती बाई मात्र त्या दिवसापासून मुकी झाली. तेव्हा घरात दोन लहान मुलं होती, यांची नोकरी सुटलेली, पुस्तक निघणं भाग होतं. माझ्या जागी तूही तेच केलं असतंस. असतंस ना? जाऊ दे.

पण म्हणून तिला गरीब गायही करू नकोस, त्याचाही मला तितकाच कंटाळा आहे. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्या सिस्टरबाईंशी वर्षानुवर्षं पत्रांतून वाद घातला. क्रुसावर लॅटिन शब्द कशाला, आमच्या संस्कृतपेक्षा लॅटिनमध्ये काय जास्त आहे, असं सरळ विचारलं. भागवत मुखोद्गत असलेली बाई ती! दुसरी बाजूही लिही. १८९३ मध्ये शारदा सदनाच्या, म्हणजे रमाबाईंच्या पुण्यातल्या विधवांच्या शाळेच्या, सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर बाहेर पडले, मुली ख्रिस्ती होतील म्हणून पालकांनी त्या काढून नेल्या. तुझ्या कादंबरीतला असा बाप निव्वळ राक्षस झालाय. त्यालाही देव आहे, मुलगी हातची जाईल ही भीतीही आहे. त्याचीही प्रार्थना कापू नकोस.

छापखान्याचं प्रकरण सुरेख आहे. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं भाषांतर केडगावच्या बायकांनीच जुळवलं, छापलं. तुझी नायिका उलट्या अक्षरांचे खिळे एकेक करून लावते, बोटं शाईनं काळी. तिथे तू लिहिलंस, ‘ती यंत्रवत काम करत होती’. खोड ते. तिचे ओठ हलू देत. ती मजकूर वाचतेय की मागणं मागतेय, हे तूही ठरवू नकोस.

कापलेली पानं फेकली नसशील अशी आशा आहे. ती आत घालून नववं प्रकरण पुन्हा पाठव. दिवाळीपर्यंत मी लेकीकडे आहे, पत्ता तुला ठाऊक आहेच.