झोप गेली म्हणून मन खचले, की मन खचले म्हणून झोप गेली?

प्रश्न : माझे वय 47 वर्षे असून मी मानेवाडा भागात राहते. गेल्या पाच महिन्यांपासून आठवड्यातील चार-पाच रात्री मला पहाटे तीनलाच जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. हल्ली कशात मन रमत नाही, विनाकारण रडू येते. घरचे म्हणतात, झोप झाली की सारे ठीक होईल. डॉक्टर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना भेटा म्हणतात. मूळ नेमके कशात आहे?
– एक वाचक भगिनी, नागपूर

उत्तर : ताई, आठवड्यातून किमान तीन रात्री, अशी झोपेची तक्रार तीन महिने टिकली तर तिला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. तुम्ही ती मर्यादा ओलांडली आहे. तेव्हा उकाड्याला किंवा कूलरच्या आवाजाला दोष देत आता थांबू नका.

पूर्वी निद्रानाश हे बहुतेक वेळा नैराश्याचे केवळ एक लक्षण मानले जाई. परंतु ज्यांना नैराश्य नव्हते, फक्त झोप लागत नव्हती, अशांनाही पुढे नैराश्य येण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असल्याचे अभ्यासांतून दिसले, आणि 2013 साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेने निद्रानाशाला, सोबत दुसरा आजार असला तरीही, स्वतंत्र उपचार आवश्यक असलेला विकार मानले. म्हणून मूळ कोणते याचा निवाडा होईपर्यंत उपचार अडवून ठेवू नयेत. नैराश्य ओसरल्यावरही झोप बिघडलेलीच राहिली, तर आजार उलटण्याची शक्यता वाढते.

तुमच्या डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो. पहाटेची जाग, रडू येणे आणि मन न रमणे हे एकत्र दिसले की नैराश्याची तपासणी व्हायलाच हवी. या वयात थायरॉइड आणि रजोनिवृत्तीचाही विचार करावा लागतो. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयाच्या (मेडिकलच्या) मानसोपचार विभागातही तुम्हाला दाखवता येईल.

झोपेसाठी पहिला उपचार गोळी नसून वर्तनोपचार आहे: उठण्याची वेळ रोज एकच ठेवणे, दुपारी न झोपणे आणि झोप लागत नसेल तर तळमळत न पडता अंथरुणातून उठून, डोळे जड झाल्यावरच परत येणे. सुरुवातीचे काही दिवस याने थकवा वाढतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. अल्प्राझोलामसारख्या झोप आणणाऱ्या गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नका, कारण त्यांची सवय लागते. आधीपासून घेत असाल तर त्या एकदम बंदही करू नका.

आणि जगणे नकोसे वाटू लागले, तर भेटीची तारीख येईपर्यंत थांबू नका. घरातल्या कोणाला तरी लगेच सांगा आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या विनामूल्य क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करा. तेथे मराठीतही बोलता येते.