झांस्करच्या आधी

कोलाडच्या कुंडलिका नदीवर कयाकच्या (एकट्याने वल्हवायच्या छोट्या बोटीच्या) चार फेऱ्या मारून थेट लडाखमधल्या झांस्कर नदीचं नाव काढलंस, हौस आवडली. जा, पण यंदा नको. कोलाडला उलटलास तर पोहत काठ गाठतोस. झांस्करच्या घळईत कित्येक ठिकाणी दोन्हीकडे उभा कडा, काठच नाही. आणि पाणी हिमनद्यांचं; थोड्या वेळात बोटं वळेनाशी होतात.

सध्या एवढंच बघ:

- रोल, म्हणजे उलटलेली कयाक आत बसूनच सरळ करणं, पक्का कर. तलावात नव्हे, वाहत्या पाण्यात, दमलेला असताना. बाकी सगळं यानंतर.
- लेह ३५०० मीटरवर. किमान दोन दिवस नुसता आराम. मी पहिल्याच दिवशी हुंदडलो आणि रात्रभर डोकं धरून बसलो.
- तंबू उंचावर लाव. दिवसाच्या उन्हात वितळलेलं पाणी संध्याकाळनंतर चढतं. पाण्याच्या कडेला एक दगड मांडायचा, तासाभराने बघायचा. (काठावर ठेवलेली माझी चप्पल अशीच गेली.)
- सामान कयाकमध्ये कोंबू नकोस, जड बोट वळत नाही. त्यासाठी सोबत राफ्ट (हवा भरलेली मोठी बोट) हवीच.
- घळईत रेंज धरून चालू नकोस आणि सॅटेलाइट फोन विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे. निम्मूला, म्हणजे जिथे नदीतून बाहेर पडशील तिथे, कधी पोचणार ते लेहमधल्या कुणाला तरी लिहून दे.

कयाक कुठली घ्यायची, ते पुढच्या वर्षी बघू.