गांजा सोडताना संध्याकाळचं काय करायचं?

तुम्ही विचारलंय की सात वर्षं रोज गांजा ओढताय, तीनदा सोडलात आणि तिन्ही वेळा आठवडा भरायच्या आत पुन्हा सुरू झालात. दिवस निघतो, संध्याकाळ निघत नाही. कुणी खरंच सोडलाय का, आणि त्या वेळेला काय केलं?

मी सोडलाय. नऊ वर्षं ओढत होतो. एप्रिल २०२२ मध्ये बंद केला, मधे एकदा घसरलो, ते पुढे सांगतो. बेळगावात वडगावच्या बाजूला राहतो, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर कामाला आहे. पाचला शिफ्ट सुटायची आणि साडेपाचला पुडी उघडायची. त्यामुळे तुमचं संध्याकाळचं वाक्य वाचल्यावर उत्तर लिहायला बसलो.

आधी शरीराचं सांगतो, कारण तिन्ही वेळा तुम्ही तिथंच अडकला असणार. रोज ओढणाऱ्यानं बंद केलं की एक-दोन दिवसांत त्रास सुरू होतो आणि पहिल्या आठवड्यात तो सगळ्यात जास्त असतो. चिडचिड, घाम, भूक नाही, झोप नाही. साधारण दोन-तीन आठवड्यांत बाकीचं उतरतं, पण झोप आणि ती विचित्र, जिवंत स्वप्नं महिनाभर किंवा त्याहून जास्त राहू शकतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दोन खेपांना पाचव्या दिवशी वाटलं की आपण आता असेच राहणार, आणि परत ओढला. तुम्ही ज्या दिवशी हार मानताय तो बहुधा सगळ्यात वाईट दिवस आहे, त्याच्यापुढे उतार आहे.

दुसरी गोष्ट तंबाखूची. आपल्याकडे बहुतेक जण गांजा तंबाखूत मिसळून ओढतात. म्हणजे सोडताना दोन तलफा एकदम उठतात, आणि निकोटिनची तलफ आपण गांज्याची समजतो. मी हे डॉक्टरांकडून शिकलो. त्यांनी निकोटिनच्या गोळ्या दिल्या, झोपेसाठी थोडे दिवस औषध दिलं आणि दर आठवड्याला बोलावलं. गांज्याची सवय सोडवणारी अशी वेगळी मान्यताप्राप्त गोळी नाही, मुख्य उपचार बोलण्याचाच आहे: कधी ओढावंसं वाटतं, कुणाबरोबर, त्याच्या आधी काय घडतं. मला वाटलं होतं हे वरवरचं असेल, पण माझी संध्याकाळ तिथंच पहिल्यांदा कागदावर आली.

पोलिसांच्या भीतीनं डॉक्टरकडे जायचं टाळत असाल तर एक माहीत असू द्या. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, कलम ६४अ आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात जो व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतो आणि ते पूर्ण करतो, त्याला ते खटल्यापासून संरक्षण देतं. कुठं जायचं सुचत नसेल तर व्यसनमुक्तीचा सरकारी क्रमांक १४४४६ आहे, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६. दोन्ही फुकट. आपल्या भागातून धारवाडचं डिमहान्स, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी संस्थाही जवळ आहे. आणि कानात आवाज येत असतील, सगळे आपल्यावर टपलेत असं वाटत असेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवून आजच डॉक्टर गाठा.

आता संध्याकाळ. मी गुलाबासाठी गादीवाफा केला, म्हणजे जमिनीपेक्षा उंच वाफा. गुलाबानं व्यसन सुटलं असं मी म्हणणार नाही. साडेपाच ते आठ हा वेळ मात्र त्या वाफ्यानं धरला, आणि माझं सगळं अडत होतं ते त्याच अडीच तासांवर.

गुलाबच का? आमच्या परसात आईनं २०१९ च्या जूनमध्ये सहा कलमं लावली होती, ऑगस्टपर्यंत सहाही गेली. वडगाव-येळ्ळूरची ती काळी माती. भाताला सोनं आहे, बासमती तिच्यावरच पिकतो. पण पावसात ती फुगते, पाणी धरून बसते आणि गुलाबाची मुळं कुजतात. आई त्या सहा झाडांबद्दल अजून बोलायची. शेजारचे माग चालवणारे आबा आईला म्हणाले होते, "पाणी कुठनं जाणार ते आधी बघायचं होतं गा." सोडायचं ठरवलं तेव्हा मला तेच आठवलं.

दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद असा वाफा आखला. यापेक्षा रुंद करू नका, दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, नाहीतर आत पाय द्यावा लागतो आणि माती दाबली जाते. भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची, दोन थर, दीड फूट उंच, पन्नासेक चिरे लागले. सिमेंट लावलं नाही, कोरडेच रचले, सांध्यांतून पाणी निघतं. तळाची काळी माती कुदळीनं वीतभर हलवून तशीच ठेवली. बरेच जण तळाला खडीचा थर देतात. मी देऊ नका म्हणेन. बारीक मातीतून पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, वरची माती पूर्ण भिजेपर्यंत ते वरच थांबतं, म्हणजे ओल मुळांच्या आणखी जवळ येते. त्याऐवजी वाफ्याभोवती उताराला चर काढा.

भरायला अर्धा ब्रास, म्हणजे पन्नास घनफूट माल लागला. खानापूरकडची तांबडी माती दोन भाग, चांगलं कुजलेलं शेणखत एक भाग, भाताचं तूस अर्धा भाग, वर चार-पाच किलो निंबोळी पेंड. ताजं शेण टाकू नका, मुळं भाजतात. ट्रॅक्टरवाल्यानं माती दारात ओतली होती आणि मी रोज संध्याकाळी वीस घमेली आत नेत होतो, तेवढीच. एका दिवसात उरकता आलं असतं. मुद्दाम उरकलं नाही, कारण मला उद्या संध्याकाळीही ते काम हवं होतं. हात मातीनं भरलेले असले की खिशाकडे जात नाहीत, हे मी त्या पंधरा दिवसांत बघितलं. घाम निघाला की रात्री दोन तास का होईना, डोळा लागायचा.

मग पावसाळा. वाफा झाडं न लावता तसाच ठेवला. पावसानं माती बसते, माझी चार इंच बसली, पुन्हा भरली. पहिल्या जोरदार सरीत मी छत्री घेऊन चरातलं पाणी कुठं जातंय ते बघत उभा होतो. आई दारातून ओरडली, "पाऊस पडालाय, काय करालास तिथं?" पाणी गटाराकडे चाललं होतं. कितीतरी वर्षांनी काहीतरी नीट झालं म्हणून रडू आलं. रडू येणं हाही त्या दिवसांतला भाग आहे, घाबरू नका.

गणपतीत घसरलो. मंडळाच्या मांडवामागं जुनी मुलं होती, एक झुरका म्हणता म्हणता पूर्ण संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, आधीचे चार महिने पुसले गेले नाहीत, कुठं बसला होतास ते सांग. तेव्हापासून विसर्जनाला मी घरच्यांबरोबर जातो, त्या कोपऱ्यावर थांबत नाही. जुन्या मित्रांशी वैर नाही, पण संध्याकाळी भेटत नाही.

सप्टेंबरअखेर आठ कलमं लावली, दोन-दोन फुटांवर. ग्लॅडिएटर जातीची जास्त, दोन गावठी, आईसाठी. डोळा भरलेला, म्हणजे कलम केलेला सांधा मातीच्या वर ठेवायचा. खुंटावरून, म्हणजे सांध्याखालच्या भागातून फूट आली तर कापायची नाही, बुडातून उपटायची, कापली की पुन्हा जोरानं येते. पाणी पानांवर मारू नका, मुळाशी द्या, नाहीतर काळे ठिपके येतात. ठिपक्यांचं पान दिसलं की तोडून परसाबाहेर टाकायचं. पुढच्या वर्षापासून ऑक्टोबरमध्ये छाटणी करतो आणि कापाला बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावतो, तिथून दीड-दोन महिन्यांत बहर येतो. हे सगळं रोज दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. पण ते रोज असतं आणि उद्यावर ढकललं तर झाड लगेच दाखवतं. मला असंच काम लागत होतं.

तुमच्याकडे परस नसेल तर गच्चीवर १४ इंची चार कुंड्या घ्या, मातीचं प्रमाण हेच. गुलाब नको असेल तर दुसरं काही घ्या, पण रोजचं आणि हात गुंतवणारं असू द्या. मोबाईल त्यात धरू नका, त्यावर हात मोकळा राहतो.

सोडायची तारीख ठरवाल तेव्हा डॉक्टरची वेळ तिच्या आधीची घ्या. आणि कुदळ, घमेलं, मातीची ऑर्डर, सगळं आदल्या संध्याकाळपर्यंत दारात येऊ द्या. चौथ्या दिवशी घमेलं शोधत फिरायची ताकद माझ्यात नव्हती.