स्थायी समिती आणि आयुक्त यांच्यात समन्वय कसा वाढेल?

सोलापूर महापालिकेत स्थायी समितीने हिशेब विचारला की वाद का होतो, असा आपला प्रश्न आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात, तर मोठ्या खर्चाच्या प्रस्तावांना १६ सदस्यांची स्थायी समिती मंजुरी देते. पण विषयपत्रिका सभेच्या आदल्या संध्याकाळी सदस्यांच्या हाती पडली, तर छाननी करायची कशाची? उजनी धरणातून शहराला पाणी आणणाऱ्या समांतर जलवाहिनीसारख्या विषयाचे अंदाजपत्रक निविदेआधीच समितीला दाखवावे. सदस्यांनीही ‘पाणी कधी येणार?’ असे मोघम न विचारता कोणत्या टाकीवरून, किती तास, किती दाबाने, हे लेखी विचारावे. समितीची शिफारस आयुक्तांनी नाकारल्यास त्यांचे कारण इतिवृत्तात नोंदवावे आणि पुढील सभेत तोच विषय सर्वप्रथम घ्यावा.